सरदारकी वारशाने मिळते काय?

आमच्या मावल्याला लागून नागपूर-हैदराबाद हमरस्ता जातो. सवड मिळाली तर त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहावे आणि पैनगंगेपलीकडून येणाऱ्या गाड्यांच्या मागच्या काचा वाचाव्यात. कोणी 'सरदार', कोणी 'राजे', कोणी 'सरलष्कर', तर कोणी थेट 'सरसेनापती'. अलीकडच्या आमच्या गाड्याही यात मागे नाहीत. शिवछत्रपतींच्या साऱ्या कारकिर्दीत घोडदळाचे सरनोबत म्हणून इतिहास ठळकपणे चार नावे सांगतो : माणकोजी दहातोंडे, नेताजी पालकर, प्रतापराव गुजर आणि हंबीरराव मोहिते. आमच्या रस्त्यावरून तेवढे सेनापती एका दुपारी जातात! त्यांचे सैन्य कुठे आहे, असे मात्र कोणी विचारू नये.

आमच्या गावाच्या नावावरून पाहुणे गंमत करतात. म्हणतात, "गुरुजी, तुम्ही तर जन्माचेच मावळे!" ल आणि ळ यांतला फरक फळ्यावर शिकवण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. नुसत्या उच्चाराच्या साम्यावरून मी इतिहासाशी नाते जोडणार नाही. पण एक गोष्ट खरी, की मावळा म्हणजे ज्याच्या नावापुढे कसलाही किताब नव्हता असा शिपाई. आज त्याचा जयजयकार सगळे करतात, पण त्याच्या रांगेत उभे राहायला कोणी तयार नाही. ज्याला त्याला सरदारच व्हायचे आहे, आणि तेही घरबसल्या.

हे सारे हसण्यावारी नेता आले असते. पण काचेवरची ही अक्षरे आता लग्नपत्रिकेत, मिरवणुकीच्या क्रमात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि पोरांच्या भांडणात उतरली आहेत. म्हणून हा लेखप्रपंच. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. हुद्दा ज्याने रणात मिळवला त्याचा असतो. तो त्याच्या आडनावाचा नसतो. महाराजांच्या लष्कराचे बळ या नियमात होते, आणि पुढे मराठी राज्याला जी कीड लागली ती हा नियम मोडल्यामुळे लागली.

नाइकापासून सरनोबतापर्यंत

महाराजांच्या लष्कराची रचना कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या बखरीत दिली आहे. पायदळात दहा माणसांत एक नाईक. पाच नाइकांवर हवालदार. दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार. दहा जुमल्यांवर हजारी आणि सात हजारींवर सरनोबत. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी कोणी आणायचे आणि नाल कोणी ठोकायचे, येथपर्यंत हिशेब पक्का होता.

पगारही ठरलेला. घोडदळाच्या जुमलेदारास साल पाचशे होन व पालखी, हजारीस एक हजार होन, पंचहजारीस दोन हजार. पायदळाच्या जुमलेदारास शंभर होन, हजारीस पाचशे. हा पगार शक्यतो रोख, सरकारी खजिन्यातून किंवा खजिन्यावरच्या वरातीने. पगारापोटी गाव तोडून द्यायचे नाही, हा कटाक्ष. गाव दिला की चाकर त्या गावाचा धनी होतो, आणि धनी झाला की चाकरी विसरतो, ही महाराजांनी ओळखलेली गोष्ट.

बारगीर आणि शिलेदार यांतला भेद मी विद्यार्थ्यांना मुद्दाम समजावून सांगतो. शिलेदार घोडा स्वतःचा आणी. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. महाराजांचा ओढा पागेकडे होता. विचार करा, ज्याच्या मांडीखालचे जनावरही राज्याचे, त्याच्या मुलाला वारशात काय मिळणार? बापाची कीर्ती मिळेल आणि बापासारखे होण्याची संधी मिळेल. घोडा मात्र पागेत परत जाईल.

याचा अर्थ लढणाऱ्याच्या घराकडे दुर्लक्ष होई असा मुळीच नाही. १६५९ च्या प्रतापगडच्या लढाईनंतर काय झाले ते सभासदच सांगतो. जखमींना जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले. जे पडले त्यांच्या मुलांना चालवले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. नामांकित लोकांना हत्ती, घोडे, कडी, कंठमाळा, तुरे, पदके दिली. काहींना गावेही बक्षीस दिली. घराला भाकरी दिली, शूराला मान दिला. पण मृताच्या हुद्द्यावर त्याचे पाळण्यातले पोर नेऊन बसवले नाही. भाकरी आणि हुद्दा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा विवेक साडेतीनशे वर्षांपूर्वी होता.

दिला तसा काढूनही घेतला

नेताजी पालकरांना लोक 'प्रतिशिवाजी' म्हणत. यापेक्षा मोठा किताब कोणता? पण १६६६ च्या आरंभी पन्हाळ्याच्या हल्ल्यात ते वेळेवर पोचले नाहीत, हल्ला फसला, माणसे मेली. महाराजांनी त्यांची सरनोबती काढून घेतली. पुढे नेताजी विजापुराकडे आणि मग मोगलांकडे गेले, धर्मांतर झाले, काबूलकडे रवानगी झाली. १६७६ मध्ये ते परत आले तेव्हा महाराजांनी त्यांना शुद्ध करून पोटाशी धरले. सरनोबती मात्र परत दिली नाही. माणूस परत घेता येतो, हुद्दा पुन्हा कमवावा लागतो.

नेताजींच्या जागी कुडतोजी गुजर आले. 'प्रतापराव' हा त्यांचा किताब. जन्मनाव नव्हे, आडनाव नव्हे. १६७३ मध्ये उमराणीस त्यांनी बहलोलखानाला पाण्यावाचून कोंडले आणि तो शरण येताच सोडून दिले. महाराजांचा संताप झाला. प्रतापरावांच्या किताबाने त्यांना त्या संतापापासून वाचवले नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत ते सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. ते धाडस लष्करी शहाणपणाचे होते की नव्हते यावर वाद घालावा, जरूर घालावा. पण किताब घेतलेल्या माणसाला तो किताब किती जड वाटत होता, हे त्या खिंडीत दिसते. आम्हाला तो काचेवर चिकटवताना जराही जड वाटत नाही.

त्यानंतर सरनोबती कोणाला मिळाली? गुजरांच्या घरात नाही. पागेत जुमला सांभाळणाऱ्या हंसाजी मोहित्यांना 'हंबीरराव' हा किताब देऊन सरनोबत नेमले. मर्दाना, सबुरीचा, चौकस धारकरी पाहून निवड केली, असे बखरकार म्हणतो. येथे कोणी टोकेल, "अहो, हंबीरराव तर सोयराबाईंचे बंधू! हा वशिलाच नाही का?" शंका रास्त आहे. उत्तर १६८० सालाने दिले आहे. महाराजांच्या पश्चात रायगडावर सोयराबाईंचे चिरंजीव राजाराम यांना गादीवर बसवण्याची खटपट झाली, तेव्हा हंबीरराव बहिणीच्या बाजूने गेले नाहीत. त्यांनी संभाजीराजांची बाजू घेतली. सख्ख्या भाच्याला गादी मिळत असताना सेनापती राज्याच्या बाजूने उभा राहतो, तेव्हा त्याचा हुद्दा नात्यातून आलेला नव्हता हे सिद्ध होते. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत ते पडले.

आणखी एकच उदाहरण. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले. गड घेतला तो त्यांचे बंधू सूर्याजी यांनी, पळू लागलेल्या माणसांना मागे फिरवून. सभासद लिहितो की सुभेदारी सूर्याजींना दिली आणि बरोबरच्या मावळ्यांना सोन्याची कडी दिली. रायबाच्या लग्नाची गोष्ट आम्ही पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसत ऐकतो. पण सुभेदारी रायबाला गेली नाही. त्या रात्री जो गडावर होता त्याला गेली. बखरीतली ही ओळ मला सबंध पोवाड्याहून मोलाची वाटते.

आणि हे सारे एका जातीचे होते काय? प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला नाभिक. पुरंदर लढवणारे मुरारबाजी देशपांडे प्रभू. तोफखान्यावर इब्राहीमखान, आरमारात दौलतखान, स्वारांत सिद्दी हिलाल. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आम्ही तोंडाने म्हणतो, आणि जिवाच्या वंशजाला मिरवणुकीत मशाल धरायला सांगतो.

किताबाचे आडनाव झाले

मग बिघडले कुठे? संभाजीराजांच्या वधानंतर, १६८९ पासून, राज्यच संकटात सापडले. राजाराम महाराज जिंजीस, खजिना रिकामा, औरंगजेब दक्खनेत ठाण मांडून. तो मराठ्यांना वतनांचे आमिष दाखवी. मग मराठ्यांच्या बाजूनेही वतने, सरंजाम देणे भाग पडले. रोख पगाराची जागा जमिनीने घेतली. त्या काळातल्या माणसांना मी दोष देत नाही. पोटात अन्न नसताना लढलेली ती माणसे होती. संताजी घोरपड्यांना 'ममलकतमदार', धनाजी जाधवांना 'जयसिंगराव', विठोजी चव्हाणांना 'हिंमतबहाद्दर' असे किताब मिळाले. बादशहाच्या छावणीत शिरून त्याच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणणाऱ्यांत विठोजी होते. तो किताब शंभर नंबरी सोन्याचा होता.

पण विठोजी गेले आणि 'हिंमतबहाद्दर' घराण्यात राहिला. त्यांचे पुत्र उदाजी चव्हाण यांनी तोच किताब मिरवीत शाहू महाराजांना किती छळले, ते इतिहास वाचणारांना ठाऊक आहे. बापाने शत्रूच्या छावणीत मिळवलेले नाव लेकाने आपल्याच राजाविरुद्ध वापरले. वारशाने मिळालेल्या किताबाला कोणाविरुद्ध लढायचे हे आठवत नाही.

१७१५ च्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांविषयी जो इशारा दिला, तो याच अनुभवातून. वतनदार हे राज्याचे दायाद, लहान लहान राजेच, असा त्यांचा रोख आहे. अनेक राजांची कारकीर्द पाहिलेल्या मुत्सद्द्याचे ते बोल आहेत.

आमच्या मुलखाला जवळचे उदाहरण नागपूरकर भोसल्यांचे. 'सेनासाहेब सुभा' हा त्यांचा किताब शाहू महाराजांनी दिलेला. पहिल्या रघूजींनी तो तलवारीने शोभवला. कटकपर्यंत घोडे नेले, १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य घेतले. १७५५ मध्ये ते वारले आणि मुलांत तंटा लागला. पेशव्यांनी निवाडा केला. जानोजी 'सेनासाहेब सुभा', मुधोजी 'सेनाधुरंधर', आणि बदल्यात नजराणा! १७७२ मध्ये जानोजी वारल्यावर साबाजी आणि मुधोजी या भावांत पुन्हा तेच भांडण. १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावास लढाई झाली आणि साबाजी मारले गेले. पूर्वी लढाईतून किताब निघत असे. आता किताबातून लढाई निघू लागली. त्या दिवशी पाचगावच्या मैदानात दोन्ही बाजूंनी जे साधे शिपाई मेले, त्यांच्या वाट्याला काय आले?

हे सगळीकडेच झाले

हा रोग आमचाच आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडच्या इतिहासात नाइट हा रणात घडलेला स्वार. त्याच्या भाल्यावर दोन शेपट्यांचे निशाण असे. स्वतःच्या झेंड्याखाली टोळी घेऊन लढण्याची योग्यता त्याने दाखवली, की राजा किंवा सेनापती त्या शेपट्या कापून निशाण चौकोनी करी, आणि तो 'बॅनरेट' होई. १३६७ मध्ये स्पेनमधील नाहेरा येथे लढाईच्या तोंडावर जॉन चँडॉस याचे निशाण असेच कापले गेले. कापडाचा तुकडा कमी झाला की मान वाढला, ही कल्पना किती सुंदर! पुढे १६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाने 'बॅरोनेट' हा नवा, वंशपरंपरागत किताब काढला आणि त्याची किंमत ठेवली १०९५ पौंड, तीन हप्त्यांत. रणांगणावरून किताब दुकानात आला.

आणि आपण तर निजामी मुलखातली माणसे. १९४८ पर्यंत हैदराबादच्या दरबारात किताबांची उतरंडच होती. जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह. 'जंग' म्हणजे लढाई. सालारजंग म्हणजे लढाईतला सरदार. पहिले सालारजंग यांचे खरे मोठेपण कशात? १८६५ च्या जिल्हाबंदीत, महसुलाची घडी बसवण्यात. अली नवाज जंग हे उत्तम इंजिनीयर. मांजरेवरचे निजामसागर धरण त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. दोघेही कर्तबगार, दोघांविषयी मला आदर आहे. पण धरण बांधणाऱ्याला 'जंग' म्हणून गौरवावे लागते, याचा अर्थ त्या दरबारात शब्दांचा अर्थच मेला होता. इंजिनीयर हा शब्द पुरेसा मोठा का वाटू नये? आज आमच्याकडे चांगला शेतकरी, चांगला वाहनचालक, चांगला दुकानदार स्वतःला 'सरसेनापती' म्हणवून घेतो तेव्हा मला ती जंग-दौलांची उतरंड आठवते. आपल्या कामाची लाज वाटणारा माणूसच दुसऱ्याच्या पराक्रमाची पाटी लावतो.

शाळेतला प्रश्न

कोणी म्हणेल, "मास्तर, पाटीने कोणाचे काय बिघडते? पूर्वजांचा अभिमान बाळगू नये काय?" जरूर बाळगावा. ज्याच्या घरात खरोखर सनद आहे त्याने ती जपावी, अभ्यासकाला दाखवावी. पण काय बिघडते ते मी सांगतो, कारण मी ते शाळेत पाहिले आहे.

आमच्या शाळेत मराठी घरांतली मुले आहेत. गोंडी, कोलामी, लंबाडी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या घरांतलीही आहेत. एका वर्षी शिवजयंतीला आम्ही नेसरीचा प्रसंग बसवला. प्रतापरावांचे भाषण ज्याला तोंडपाठ, ज्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचे, तो मुलगा कोलामगुड्यातला. बाप मजुरीने कापूस वेचतो. तालमी सुरू झाल्या आणि एक पालक माझ्या खोलीत आले. म्हणाले, "सर, आमच्या घरात सरदारकी होती. सेनापती आमचाच मुलगा होणार. मांडवाचा खर्च आम्ही करतो." मी विचारले, "मुलाला भाषण येते का?" ते म्हणाले, "त्यात काय, पडद्यामागून सांगता येईल."

मी नकार दिला. त्याचे मला काही वाटले नाही. मुख्याध्यापकाला अशी बोलणी रोजची. मला लागले ते दुसऱ्याच दिवशी. तो कोलाम मुलगा दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला भालदार चालेल." त्याला कोणी दटावले होते की नाही, त्याने सांगितले नाही. चौदा वर्षांच्या पोराला स्वतःहून समजले होते की या गोष्टीत आपली जागा कोणती. हे त्याला पाठ्यपुस्तकाने शिकवले नाही, मी शिकवले नाही. रस्त्यावरच्या काचांनी आणि मिरवणुकीच्या क्रमाने शिकवले. पाटीने कोणाचे काय बिघडते, या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणजे ते चार शब्द.

प्रतापराव त्यानेच केला. मांडवाचे पैसे आले नाहीत. कार्यक्रम लिंबाखाली झाला आणि चांगला झाला.

ज्या मातीत हे घडले तिचाही इतिहास आहे. इंग्रज-निजामाच्या फौजांशी लढलेले रामजी गोंड यांना १८६० मध्ये निर्मलला फाशी झाली. कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीने पडले. त्यांना कोणत्या दरबाराने किताब दिला? 'जल, जंगल, जमीन' म्हणत लढलेल्या त्या माणसाचे नाव २०१६ मध्ये एका जिल्ह्याला मिळाले. ज्या मुलाच्या रक्ताशेजारी असा इतिहास आहे, त्याने आमच्या स्नेहसंमेलनात भालदार होण्याची परवानगी मागावी?

नाईक आणि हवालदार अजून आहेत

महाराजांची ती शिडी नाहीशी झालेली नाही. नाईक, हवालदार, सुभेदार हे शब्द भारतीय सैन्यात आजही चालतात. मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले, ती घेतली आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक हा त्यांचा हुद्दा. सभासदाच्या हिशेबात दहा माणसांचा म्होरक्या, म्हणजे सर्वांत खालची पायरी. त्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाचा पराक्रम एखाद्या पंचहजारीला झाकून टाकील. आणि हवालदाराच्या मुलाला सैन्यात बापाचा हुद्दा वारशाने मिळत नाही. महाराजांचा नियम कोठे जिवंत असेल तर तो तेथे आहे.

आमच्या राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने १९५० मध्ये तेच सांगितले. सैनिकी आणि विद्याविषयक सन्मान सोडून राज्य कोणताही किताब देणार नाही. म्हणजे रणात मिळवा किंवा अभ्यास करून मिळवा. १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखेही गेले. जे राजांना सोडावे लागले ते आम्ही तीनशे रुपयांच्या रेडियमच्या अक्षरांत परत आणत आहोत!

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत किल्ला करणाऱ्या आपल्या मुलांना एवढे सांगा. किल्ल्यावर मांडलेल्या मातीच्या शिपायांत एक नाईक असतो, त्याच्या मागे नऊ माणसे असतात, आणि त्या नवांतला कोणीही उद्या नाईक होऊ शकतो. कोण होणार, हे त्याच्या बापाचे नाव विचारून ठरत नसे. आणि गाडीची काच पुसताना ती अक्षरेही पुसता आली तर पाहा. मागून येणाऱ्याला रस्ता तेवढाच स्पष्ट दिसेल.